घोड्याला करामती शिकवताना या चुका टाळा

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने माझ्या तबेल्यात एकाच तऱ्हेचे घोडे येत राहतात. ते बाजारात नाचताना पाहून घेतलेले असतात, मागच्या दोन पायांवर उभे राहतात, पुढचा पाय उचलून सलाम करतात आणि नालबंदापुढे मात्र दोन मिनिटेही स्वस्थ थांबत नाहीत. घोडा बिघडला, अशी मालकाची तक्रार असते. माझ्या मते घोडा बिघडलेला नसतो. त्याला जे शिकवले तेच तो करत असतो, आणि ते कधी करायचे नाही हे त्याला कोणीच शिकवलेले नसते.

करामत आधी आणि शिस्त मागाहून, ही मला सर्वांत जास्त छळणारी चूक आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे चार वर्षांची एक काठियावाडी घोडी आली. समोरच्याने हात वर केला की तिने मागच्या पायांवर उभे राहायचे आणि खाली आल्यावर गुळाचा खडा घ्यायचा, एवढेच तिला वरातीसाठी शिकवले होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझा मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा माणूस, तिची मोहरकी (तोंडावरची दोरी-पट्ट्यांची बांधणी) काढण्यासाठी समोर उभा राहिला आणि कानांवरचा पट्टा सोडवायला त्याने हात वर नेला. घोडी क्षणात उभी राहिली आणि खाली येताना तिचा उजवा खूर त्याच्या खांद्यावर आदळून कॉलरबोन मोडले. मी धावत पोहोचलो तेव्हा तिचे कान पुढे होते, डोळे शांत होते आणि जमिनीवर बसलेल्या त्या माणसाच्या खिशाकडे मान लांब करून ती गूळ हुंगत होती. तिच्या दृष्टीने तिने काम चोख केले होते.

घोडा आपले अंग किती बारकाईने वाचतो, याची कल्पना नवशिक्यांना नसते. १९०४ साली बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितांची उत्तरे देतो म्हणून गाजला होता. ओस्कार फुंग्स्ट यांनी केलेल्या तपासणीत असे दिसले की, बरोबर आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलत असे आणि घोडा तेवढ्यावर थांबत असे. जो प्राणी एवढी सूक्ष्म हालचाल टिपतो, त्याला वरातीत हात उंचावून नाचणारी पन्नास माणसे म्हणजे पन्नास आज्ञाच वाटणार. म्हणून खूण अशी निवडावी की जी रोजच्या कामात किंवा गर्दीत चुकूनही घडणार नाही, आणि खुणेशिवाय केलेल्या करामतीला कधीही खाऊ देऊ नये.

त्या घोडीची सवय मोडायला पाच महिने लागले. ती न सांगता उभी राहिली की आम्ही सुरक्षित अंतरावर सरकत असू, पण तिला गूळही मिळत नसे आणि ओरडाही. पहिले दोन आठवडे ती पूर्वीपेक्षा अधिक वेळा उभी राहिली, कारण बंद झालेला खाऊ मिळवण्यासाठी घोडा आधी जास्त जोर लावतो. याच टप्प्यावर अधीर माणूस हार मानून गूळ देतो आणि सगळे काम पाण्यात जाते. सोबतच मी तिला मान खाली घ्यायला शिकवत होतो. दोरावर खालच्या दिशेने हलका ताण द्यायचा आणि मान बोटभर जरी खाली आली तरी त्याच क्षणी तो सोडायचा. घोडा ताणाने शिकत नाही, ताण सुटल्याने शिकतो. मान खाली ठेवून तिला मागच्या पायांवर उभे राहता येत नाही, म्हणून मी हे उत्तर निवडले. तरीही तिच्याजवळ नवख्या माणसाला मी आजतागायत एकटे सोडलेले नाही.

दुसरी चूक वयाची. दोन वर्षांच्या शिंगराला मागच्या पायांवर उभे करून त्याचे व्हिडिओ काढणारे लोक भेटले की मला मनापासून राग येतो. घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार एरवी पुढच्या पायांवर असतो. तो उभा राहिला की साडेतीनशे-चारशे किलोंचा संपूर्ण भार मागच्या सांध्यांवर आणि कमरेवर पडतो. पुढच्या गुडघ्यावरच्या हाडाची वाढ दोन-अडीच वर्षांपर्यंत चालते आणि कण्याची तर पाच वर्षांनंतरही. तोल गेला तर घोडा पाठीवर कोसळतो, आणि वर स्वार असेल तर तो त्याच्याखाली सापडतो. चार वर्षांपर्यंत मी फक्त दोरावर चालणे, थांबणे, पाय उचलू देणे आणि गर्दीत स्वस्थ राहणे एवढेच शिकवतो. मागच्या पायांवर उभे राहणे तर कोणत्याही वयात, कितीही पैसे मिळाले तरी शिकवत नाही.

काटेरी लगाम वापरू नका. ओझेवाहू जनावरांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार त्याला बंदी आहे आणि तोंड फाटलेला घोडा शिकत नाही, फक्त घाबरतो. पाय दोराने बांधून घोड्याला गुडघ्यावर बसवू नका. हातून खाऊ देत राहिल्यास चावण्याची खोड लागते, म्हणून मी तो घमेल्यात टाकतो. सलाम शिकवायचाच असेल तर बाजूला उभे राहून शिकवा, कारण तोच पाय पुढे फटका मारायला शिकतो. सराव दहा मिनिटांत थांबवा.

शेवटची चूक नकाराला हट्ट समजण्याची. रोज होणारी गोष्ट घोडा अचानक करेनासा झाला, तर मी चाबूक खुंटीला लावून आधी खूर, मग खोगिराखालची पाठ आणि मग दात तपासतो आणि तरीही कारण सापडले नाही तर पशुवैद्यांना बोलावतो. गेल्या हिवाळ्यात एक घोडा पुढचा पाय उचलून वाकायला तयार नाही म्हणून मार खाऊन माझ्याकडे आला. टेकलेल्या पायाचा खूर हाताला गरम लागत होता. नालबंदाने एकेक खिळा काढला, तेव्हा तिसऱ्या खिळ्यामागे पू आला. जखम धुऊन पट्टी बांधली, उपचार सुरू केले आणि आठवडाभराने तो घोडा न लंगडता चालू लागला.