नर्सरीतून मूल काढण्यापूर्वी करारनामा वाचावा

मूल नर्सरीतून काढायचे ठरले की अनेक पालक संचालकांना तोंडी सांगून मोकळे होतात आणि पुढे शुल्कावरून वाद झाला की त्यांच्या हाती कोणताही पुरावा उरत नाही. म्हणून प्रवेशाच्या वेळी सही केलेला करारनामा आधी काढावा आणि त्यातील पूर्वसूचनेची मुदत, अनामत रक्कम व आगाऊ भरलेले शुल्क यांविषयीच्या अटी शांतपणे वाचाव्यात. मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, हे विशेष पाहावे. ती पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सुरू होणार असेल, तर एका दिवसाच्या उशिरानेही संपूर्ण महिन्याचे शुल्क अंगावर पडू शकते. सूचना लेखीच द्यावी, तीत मुलाचा शेवटचा दिवस नमूद करावा आणि पोच घ्यावी.

मुदतीचे शुल्क भरले असेल, तर त्या काळात मुलाला पाठवण्याचा हक्क सोडू नये.

संस्थेनेच करार गंभीरपणे मोडला असेल, म्हणजे ठरलेली सेवा बंद केली असेल किंवा मुलाच्या सुरक्षिततेत हयगय केली असेल, तर मुदत पूर्ण न करताही बाहेर पडता येऊ शकते. मात्र त्या तक्रारी वेळच्या वेळी, तारखेसह लिहून दिलेल्या असाव्यात. ‘कोणतीही रक्कम परत मिळणार नाही’ हे वाक्य वाचून मात्र लगेच माघार घेऊ नये, कारण अनेक देशांच्या ग्राहक कायद्यांत अशा एकतर्फी, अन्यायकारक अटींना आव्हान देता येते. रिकामी झालेली जागा दुसऱ्या मुलाने लगेच भरली असेल, तर संस्थेचे प्रत्यक्ष नुकसान किती झाले, हे लेखी विचारावे.