गॅलरीतली भाजी: बी नंतर, आधी पालापाचोळा

गॅलरीत भाजी लावायची म्हटलं की लोक आधी नर्सरी गाठतात. कुंड्या, कोकोपीट, गांडूळखत, बियांची रंगीत पाकिटं, सगळं मिळून हजार-दीड हजार रुपये जातात. तेवढ्या पैशांत बाजारातून कितीतरी महिने कोथिंबीर आली असती. हात राखून खर्च करायचा असेल तर हा रस्ता सोडा. गेली नऊ वर्षं मी आठ बाय तीन फुटांच्या गॅलरीत मेथी, कोथिंबीर, लाल माठ, पुदिना, अळू, मिरची आणि कढीपत्ता काढते आहे. वर्षाचा खर्च दोनशे रुपयांच्या वर जात नाही. एवढ्या जागेत घरची सगळी भाजी होते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कांदे, बटाटे, कोबी, फ्लॉवर बाजारातूनच आणायचे. मात्र रोज लागणारी हिरवी चिमूट-मूठ घरातच मिळते, आणि महिन्याच्या हिशेबात ती दिसते.

कुंड्या विकत घेऊ नका. तेलाचे 15 किलोचे डबे, रंगाच्या रिकाम्या बादल्या, फळवाल्याकडची थर्माकोलची खोकी, काहीही चालतं. तळाला बोटाएवढी पाच-सहा भोकं पाडा आणि डबा दोन विटांवर ठेवा. सिमेंटची गोणी तेवढी नको. वर्षभर ऊन खाल्लं की तिच्या चिंध्या होतात आणि त्या मातीत मिसळतात. पालेभाजीला चार तास ऊन पुरतं, मिरचीला सहा तास हवं. ऊन कमी असेल तर अळू आणि पुदिना लावा, मिरचीच्या नादी लागू नका.

आता मातीचं. इथे मी दोन वर्षं घालवली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षी विकतच्या लाल मातीने डबे काठोकाठ भरले. दोन महिन्यांत माती विटेसारखी झाली. पाणी वर साचायचं किंवा डब्याच्या कडेने सरळ खाली उतरायचं, मुळाला थेंब नाही. शिवाय भिजलेला डबा पंचवीस-तीस किलोचा होतो. तो हलवताना पाठ धरते आणि गॅलरीवर भार येतो तो वेगळाच. शेतातली काळी माती डब्यात याहून वाईट. ओली असताना चिखल, वाळली की भेगा. डब्यात मातीचा वाटा एक तृतीयांशच ठेवा. उरलेले दोन भाग घरी केलेलं पालापाचोळ्याचं खत.

हे खत करताना बहुतेकांचं एकच चुकतं, माझंही तेच चुकलं होतं. झाकणाच्या ड्रममध्ये मी रोज भाजीची देठं, साली, चहाचा चोथा टाकत गेले. सुका पाला नावालाच, मूठभर. पंधरा दिवसांत ड्रमच्या तळाशी काळं पाणी, आंबट-कुजका वास आणि झाकणाच्या आतून चढणाऱ्या पांढऱ्या अळ्या. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, नाकाला पदर लावूनच. सगळा ड्रम मी रात्री कचऱ्यात रिकामा केला आणि तीन महिने परत हात लावला नाही.

तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली नव्हती. ओला कचरा म्हणजे बहुतांशी पाणी. तो एकावर एक बसला की मधली हवा संपते, आणि हवेशिवाय जे जिवाणू वाढतात तेच घाण वास सोडतात. सुका पाला ते पाणी शोषतो आणि थरांमध्ये हवा धरून ठेवतो. म्हणून माप पक्कं लक्षात ठेवा: एक वाटी ओला कचरा, दोन वाट्या सुका पाला. रोज. पाला घरात नसेल तर त्या दिवशीचा ओला कचरा खतात टाकायचाच नाही. माप वजनाचं नाही, वाटीचं.

पाला फुकट मिळतो, पण वेळेवर गोळा करावा लागतो. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते आणि रस्त्याकडेला ढीग लागतात, बऱ्याच ठिकाणी ते चक्क पेटवून देतात. झाडणाऱ्या मावशींना विचारून तीन-चार गोण्या भरून आणा, वर्षाची बेगमी होते. पर्जन्यवृक्ष आणि गुलमोहराची बारीक पानं सगळ्यांत लवकर कुजतात. आंबा-फणसाची पानं चिवट, ती गोणीत घालून पायाने चुरडून घ्या. निलगिरीची नकोत. उन्हाळ्यात रसवंतीवाल्याकडे उसाचं चिपाड मिळालं तर तेही वाळवून, तोडून वापरता येतं.

ड्रम म्हणजे भोकं पाडलेली जुनी बादलीच. भोकं तळाला आणि चारी बाजूंनीही. तळाला चार बोटं पाला, मग वर सांगितलेल्या मापाने थर. ओला कचरा चिरून टाका, अख्खं केळ्याचं साल महिना घेतं. शिजलेलं अन्न, तेल, दही, मासळीचे काटे अजिबात नकोत. कचरा कुजवायच्या विकतच्या विरजणाच्या पाकिटांवर पैसे घालवू नका. झाडाखालची मूठभर माती आणि वाटीभर आंबट ताक पहिल्या थरावर शिंपडलं की झालं. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांनी प्रयोग परिवार या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या जाळ्यातून हजारो लोकांना पालापाचोळ्यापासून माती घडवायला शिकवलं. शेण, गोमूत्र आणि गुळाचं अमृतजल ही त्यातलीच रीत. गावाकडे शेण-गोमूत्र हाताशी असेल तर तीच वापरा. शहरात ताकावर भागतं.

आठवड्यातून एकदा काठीने तळापर्यंत ढवळा आणि ओल बघा. मूठभर खत घट्ट पिळा. बोटं ओलसर झाली आणि थेंब पडला नाही, तर ओल बरोबर. थेंब गळाले तर पाला घाला. मूठ उघडताच भुगा सुटला तर पाणी शिंपडा. मधे हात घातल्यावर ऊब लागली तर घाबरू नका, काम चालू आहे. एखाद्या पावसाळ्यात राखाडी, जाड अळ्या दिसतील. त्या झाडाचं काही बिघडवत नाहीत, उलट कचरा भराभर खातात. नको असतील तर पाला वाढवा, वरचा थर कोरडा ठेवा.

दुसरी चूक घाईची. पुढच्या खेपेला वास आला नाही म्हणून मी महिन्याभरातच ते अर्धवट खत डब्यात भरलं. मेथी उगवली, दोन पानांवर आली आणि पिवळी पडली. मिरचीची रोपं तर बसलीच. खत पूर्ण कुजलं नसेल तर कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःच वापरतात, रोपाच्या वाट्याला येत नाही. बादली भरल्यापासून अडीच-तीन महिने द्या, थंडीत थोडे जास्त. तयार खताला पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो आणि त्यात साल-देठ ओळखू येत नाही. तरी शंका असेल तर ओंजळभर खत ओलं करून पिशवीत तीन दिवस गच्च बांधून ठेवा. पिशवी उघडल्यावर आंबट वास आला तर अजून थांबा. ही परीक्षा मी आजही प्रत्येक बादलीची घेते.

म्हणून दोन बादल्या ठेवा. एक भरत असते, दुसरी मुरत असते.

खत तयार झालं की पुढचं सोपं आहे. बी स्वयंपाकघरातच आहे. मेथीदाणे रात्रभर भिजवून दाट पेरा, महिन्याभरात कापायला येतात. मुंबईत वाळूत वाढवून मुळासकट विकतात ती समुद्रमेथीही हीच, फक्त पंधरा दिवसांत उपटलेली. उथळ खोकं असेल तर तशीच काढा. धणे लाटण्याने हलकेच दाबून दोन फाका करा, पीठ करू नका. ते उगवायला आठ-पंधरा दिवस घेतात, मधेच माती उकरून बघू नका. भाजलेले किंवा जुने धणे उगवत नाहीत, आणि एप्रिल-मेच्या उन्हात कोथिंबीर पाल्याआधीच तुऱ्यावर येते, तेव्हा त्या दोन महिन्यांत तिला सुट्टी द्या. जुडीतल्या पुदिन्याच्या जाड काड्या पाण्यात ठेवल्या की आठवड्यात मुळं धरतात. मिरचीचं बी वाळक्या लाल मिरचीतलं, आधी वाडग्यात रोपं करून पाच-सहा पानांवर डब्यात लावायचं. लाल माठाचं बी तेवढं विकत घ्या आणि दोन झाडं तुऱ्यावर जाऊ द्या, मग पुन्हा विकत घ्यावं लागत नाही.

पाणी रोज घालायचं म्हणून घालू नका. दोन पेरं बोट मातीत खुपसा. कोरडं लागलं तरच घाला. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी ओतून देऊ नका, तेच वापरा. मीठ घातलेलं उकडीचं पाणी मात्र कधीच नको.

मिरचीची पानं वळून बोकड्या रोग दिसला तर शेंडे खुडून कचऱ्यात टाका, खतात नाही. लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. आठवड्याने पुन्हा एकदा. तरी नवी पानं वळत राहिली तर झाड काढून टाका. एका झाडाच्या मायेपायी बाकीची घालवू नका.

मेथी, माठ कापताना मुळं मातीतच राहू द्या. वरून दोन ओंजळी खत पसरा, बोटांनी हलकं मिसळा, चार दिवस तसंच ठेवा आणि त्याच डब्यात पुढचं बी पेरा.