नवीन बाळ घरी आलं की पहिले 28 दिवस काय काय बघायचं

ताई बाळाला घेऊन लालबागच्या आमच्या खोलीत आली तेव्हा सल्ले द्यायला अख्खा मजला हजर होता, पण बाळाचा श्वास कसा मोजायचा ते एकालाही माहीत नव्हतं. म्हणून लिहितोय. वर्षाच्या आत जी बाळं दगावतात त्यातली निम्म्याहून जास्त पहिल्या 28 दिवसांतच जातात, दिवस भरायच्या आधी जन्म, कमी वजन, जन्मताना गुदमरणं नाहीतर इन्फेक्शन, आणि वेळेत कळलं तर यातली बरीच वाचतात.

तर श्वास. बाळ शांत असताना, रडताना किंवा पिताना नाही, झबलं वर करायचं, मोबाईलवर एक मिनिटाचा टायमर लावायचा आणि पोट वर आलं की एक, परत आलं की दोन. मिनिट पूर्ण मोजा, अर्ध्याचं डबल नको, कारण एवढी लहान बाळं मधेच जरा थांबतात आणि मग भराभर घेतात. मी 43 वर होतो आणि शेजारी कुकरची शिट्टी झाली, बाळ दचकलं, परत पहिल्यापासून. 60 किंवा जास्त आले तर पुन्हा मोजा, पुन्हा तेवढेच आले तर हॉस्पिटलला निघायचं. अवघड काही नाही हो, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्या बायकांना हेच शिकवलं, 39 गावांत, आणि तिथले बालमृत्यू खूप खाली आले.

श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, दूध ओढत नाही, झटके, ताप 99.5 च्या वर किंवा अंग गार, हलवल्याशिवाय हालचाल नाही, तळहात तळपाय पिवळे, बेंबीतून पू, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका, टॅक्सी मिळत नसेल तर 108.

वजन अडीच किलोच्या आत असेल तर टोपी, मोजे, लंगोट एवढंच ठेवून बाळ उघड्या छातीवर घ्यायचं, वरून चादर. आईच हवी असं नाही, आमचे भावोजी तसेच बसून मॅच बघायचे.

खायला प्यायला 6 महिने फक्त आईचं दूध, पहिला चीक तर अजिबात फेकायचा नाही. पाणी, घुटी, मध काही नको. आजी म्हणाली आम्ही नाही का वाढलो, मी म्हटलं आजी मधातून बोटुलिझम होतो, ती म्हणाली ते काय असतं, मी म्हटलं जंतूंच्या विषाने बाळ लुळं पडतं, शेवटी डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं तेव्हा बाटली कपाटात गेली. बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत असेल आणि आईला दूध कमी येत असेल तर मिल्क बँकेबद्दल विचारा, तिथे दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध मिळतं, आशियातली पहिली आपल्या सायन हॉस्पिटलात 1989 मध्ये सुरू झाली.

बेंबी कोरडी ठेवायची, हळद तेल काही नाही. डोळ्यात काजळ नको.

जन्मल्यावर बीसीजी (टीबीची लस), पोलिओ आणि 24 तासांत हिपॅटायटिस बी, पुढची लस दीड महिन्याने, ती नेमकी बाळंतीण गावी गेली की राहते. कार्ड सोबत न्या आणि त्याचा फोटो दोघातिघांच्या मोबाईलमध्ये ठेवा, आमचं कार्ड एसटीत राहिलं होतं.