ट्रॅड क्लाइंबिंगसाठी स्लिंग आणि कॅराबिनर निवडताना या चुका टाळा

कन्नडच्या बाजूला, अजिंठा रांगेतल्या एका ३० मीटरच्या कड्यावर मी ट्रॅड लीड करत होते, म्हणजे भेगांमध्ये स्वतःच साधनं लावत, त्यांत दोर अडकवत सगळ्यांत पुढे चढत होते. पहिला नट (तारेवरचा धातूचा ठोकळा) डावीकडच्या भेगेत लावला, मग एक पायरी चढून उजवीकडे, तिथे ओव्हरहँगच्या पोटात फ्रेंड (भेगेत पसरून बसणारं साधन), तिथून परत डावीकडे. २० मीटरवर पोचले आणि दोर पुढे येईना. खालच्याने दोर धरून ठेवलाय असं वाटून मी ओरडले, "दोर सोड!" तो म्हणाला, "ताई, सोडलेलाच आहे." मी जोर लावून ओढला तसा पहिला नट भेगेतून वर उचलला गेला आणि दोरावरून घसरत त्याच्या हातापाशी जाऊन थांबला. मी पडले नाही, एवढंच. बाकी दोन तुकडेही (म्हणजे भेगेत लावलेली साधनंही) वाकडे झालेले होते, ते सेकंडने, म्हणजे मागून चढणाऱ्याने, येताना सांगितलं.

त्या दिवशी हार्नेसला लटकवलेलं सगळं सामान नवं होतं, शिक्क्याचं होतं, ताकदीला कुठेच कमी नव्हतं. कमी पडली ती स्लिंगची, म्हणजे साधन आणि दोर जोडणाऱ्या कापडी पट्टीच्या वळ्याची, लांबी. आपल्याकडची मुलं-मुली सामान घेताना "किती केएनची?" (केएन म्हणजे किलोन्यूटन, ताकदीचं माप) हे नक्की विचारतात. "किती लांब?" हे क्वचितच कुणी विचारतं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आखूड स्लिंग

बोल्ट मारलेल्या रूटवर १२ ते १७ सेंटीमीटरचे क्विकड्रॉ (आखूड स्लिंग आणि तिच्या दोन टोकांना कॅराबिनर, म्हणजे उघडझापीच्या धातूच्या कड्या) पुरतात, कारण बोल्ट साधारण एका रेषेत मारलेले असतात. ट्रॅडमध्ये भेग जिथे आहे तिथेच नट बसतो. त्यात आपला दख्खनचा बसाल्ट लाव्ह्याच्या थरांनी रचलेला. कठीण कातळाची भिंत, वर मुरमाड पट्टा, मग पायरी, मग पुन्हा भिंत. चढाईची वाट सरळ जातच नाही, आणि दोर प्रत्येक कॅराबिनरशी आणि प्रत्येक पायरीच्या कडेशी वळतो. हे घर्षण नुसतं एकात एक मिळवलं जात नाही, प्रत्येक वळणाला ते पटीने वाढतं. म्हणून चार वळणं झाली की दोर एकदम जड होतो.

ओढायला त्रास होतो हा त्यातला लहान भाग. मोठा भाग पडल्यावर कळतो. दोर लवचिक असतो आणि पडण्याचा धक्का त्याच्या पूर्ण लांबीत मुरावा अशी अपेक्षा असते. मधेच तो अडकला तर वरचा थोडाच दोर ताणला जातो आणि धक्का वरच्या तुकड्यावर जोराने येतो. शिवाय दोराच्या आडव्या ओढीने नट उचलले जातात, फ्रेंड भेगेत आत-आत सरकत जातात, कधी उघडून निकामी होतात.

उपाय सोपा आहे: ६० सेंटीमीटरची शिवलेली स्लिंग आणि दोन कॅराबिनर, तीन पदरी करून क्विकड्रॉएवढी आखूड केलेली. लांब करायची वेळ आली की एका कॅराबिनरमधून तिन्ही फेरे सोडायचे, कुठलाही एक परत धरायचा आणि ओढायचा. २५ ते ३० मीटरच्या आपल्या कड्यांसाठी मी अशा आठ ते दहा नेते, वर १२० सेंटीमीटरच्या तीन-चार, आणि अँकरसाठी (वर थांबून स्वतःला बांधायच्या जागेसाठी) २४० ची एक. साधे क्विकड्रॉ दोनच, तेही सरळ भेगेसाठी.

किती लांब करायची? नट लावल्यावर क्लिप करण्याआधी खाली बघा, मग वाट पुढे कुठे वळणार ते बघा. दोन्हींमधली रेषा जितकी सरळ होईल तितकी स्लिंग सोडा. एक ठिकाण मात्र वेगळं आहे. पायरीवरून नुकतेच उठून वर निघाला असाल तर लांब स्लिंगमुळे पडण्याचं अंतर वाढून थेट पायरीवर आदळाल. तिथे आखूड ठेवा आणि एकाऐवजी दोन तुकडे लावा. बिले देणाऱ्यालाही (खालून दोर सांभाळणाऱ्यालाही) कड्याच्या पायथ्याला चिकटून उभं करा. तो लांब उभा राहिला की पहिल्या नटवर बाहेरची ओढ येते, आणि माझ्या बाबतीत तसंच झालं होतं.

तीन पदरी स्लिंगला रबर लावणं

क्विकड्रॉच्या एका टोकाला कॅराबिनर हलू नये म्हणून रबर असतं. ते पाहून काही जण ६० च्या उघड्या स्लिंगलाही रबर बसवतात. कृपा करून बसवू नका. लांब-आखूड करताना स्लिंगचा फेरा कॅराबिनरमधून निसटतो आणि कॅराबिनर नुसत्या रबरावर लटकत राहतो. वरून बघितलं तर सगळं जागच्या जागी दिसतं, हातात वजनही तेवढंच लागतं. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या ओरपियेर इथे टीटो त्राव्हेर्सा हा १२ वर्षांचा इटालियन मुलगा पडून दगावला. त्याच्या क्विकड्रॉमध्ये स्लिंग चुकीच्या पद्धतीने रबरात अडकवलेली होती. ते क्विकड्रॉ साधे, आखूड होते, तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. रबर फक्त आखूड शिवलेल्या क्विकड्रॉला, तेही दोराच्या बाजूला, आणि दुसऱ्याने जोडून दिलेला क्विकड्रॉ स्वतः उलगडून पाहिल्याशिवाय वापरू नका.

डायनिमा घेतली म्हणजे झालं?

डायनिमा या कृत्रिम धाग्याची स्लिंग बारीक, हलकी, पाणी न पिणारी. रनरसाठी (वाटेतल्या साधनाला दोर जोडायला) उत्तम, आणि बसाल्टच्या एखाद्या खुंटावर टाकायला किंवा अरुंद छिद्रातून ओवायलाही सोयीची. पण हा धागा ताणत नाही. १२० ची डायनिमा हार्नेसला लावून अँकरला जोडलात आणि अँकरच्या वर चढून उभे राहिलात, तर तिथून पाय घसरल्यावर धक्का मुरवायला मधे काहीच उरत नाही. दोराने पडणं वेगळं, स्लिंगवर पडणं वेगळं. स्वतःला अँकरला जोडायचं तर दोरानेच क्लोव्ह हिच ही गाठ मारून जोडा. स्लिंग वापरलीच तर ती कायम ताणलेली ठेवा आणि अँकरच्या खाली रहा.

डायनिमात गाठ मारली की ताकद निम्म्याच्या आसपास उतरू शकते, आणि धागा गुळगुळीत असल्याने गाठ सरकते ती वेगळीच. ती साधारण १४५ अंशांना वितळते, नायलॉनला २०० च्या पुढे जावं लागतं. म्हणून प्रुसिकसाठी (दोरावर आवळून धरणाऱ्या गाठीसाठी) डायनिमाची स्लिंग नको, तिथे ६ मिलिमीटरची नायलॉन दोरी घ्या. आणि माघार घेताना दोर थेट स्लिंगमधून ओवून माणसाला खाली सोडू नका. ही गोष्ट डायनिमा, नायलॉन दोन्हींना लागू आहे: वजनाखाली चालता दोर एकाच जागी घासून स्लिंग कापून टाकतो. एक कॅराबिनर तिथे सोडून या. त्याची किंमत वसूल होते.

मग नायलॉन कुठे? झाडाला, मोठ्या दगडाला, जिथे गाठ लागणार तिथे. १६ ते २० मिलिमीटरची नायलॉन टेप जड आहे, पण घासणं सहन करते आणि जरा ताणतेही. मीटरवर मिळणारी टेप घेतलीत तर तिच्यावर लांबीभर गेलेल्या वेगळ्या रंगाच्या रेघा मोजा. युरोपीय मानकात एक रेघ म्हणजे ५ केएन, तीन रेघा म्हणजे १५. अशा टेपची दोन टोकं जोडणारी गाठ, वॉटर नॉट, वापरता-वापरता हळूहळू सुटत जाते. शेपट्या निदान ८ सेंटीमीटर ठेवा आणि दरवेळी वापरण्याआधी बघा. शिवलेली स्लिंग मिळत असेल तर या भानगडीत पडू नका, तिचं किमान माप २२ केएनचं असतं.

आणखी एक, नटच्या तारेत स्लिंग गुंतवून फास देऊ नका. बारीक तार स्लिंगला कापते. मधे कॅराबिनर हवाच. दोन स्लिंग जोडतानाही फासापेक्षा कॅराबिनर बरा.

कॅराबिनरवरचे तीन आकडे

कॅराबिनरच्या कण्यावर उभा बाण, आडवा बाण आणि उघड्या गेटचं (उघडझाप होणाऱ्या दांडीचं) चित्र असतं. पहिला आकडा मोठा, बहुधा २० केएनच्या वर, आणि लोक तोच वाचतात. एक केएन म्हणजे साधारण १०० किलोचा भार, म्हणजे २० केएन ही दोन टनांच्या आसपासची ताकद. पण गेट उघडं राहिलं किंवा भार आडवा आला तर साध्या कॅराबिनरसाठी मानकातली किमान अपेक्षा फक्त ७ केएनची आहे. आता हिशेब पाहा. पडणाऱ्या माणसाला दोरातून ४ केएनचा धक्का बसला, तर वरच्या कॅराबिनरवर दोन्ही बाजूंचे दोर ओढतात आणि तिथे साडेसहाच्या आसपास भार येतो. एवढं पडणं ट्रॅडमध्ये फार मोठं नाही, आणि उघड्या गेटला ते जवळजवळ काठावर आणतं.

गेट उघडतं कसं? आपल्याकडच्या खडबडीत कातळाच्या कंगोऱ्यावर ते दाबलं जातं, किंवा पडताना दोराच्या थरथरीने क्षणभर फडफडतं. म्हणून रनरसाठी तारेचं गेट बरं, हलकं असल्याने कमी फडफडतं. कॅराबिनर कडेवर वाकडा टेकत असेल तर स्लिंग लांब करून त्याला मोकळा लटकवा, आणि गेट तुम्ही जिकडे चाललात त्याच्या उलट दिशेला ठेवा. सगळ्यात वाईट अवस्था म्हणजे कॅराबिनर नाकाच्या टोकावर (गेट जिथे येऊन बसतं तिथे) अडकून राहणं. तसा तो छापलेल्या ताकदीच्या दहाव्या हिश्श्यातही तुटू शकतो. क्लिप केल्यावर एक हलका हिसका द्या, आवाज ऐका, पुढे जा.

फार लहान कॅराबिनर घेऊ नका. वजन वाचतं, पण घामेजल्या हाताने तो उघडता-उघडता जीव मेटाकुटीला येतो. बिलेसाठी नाशपातीच्या आकाराचा मोठा लॉकिंग (गेटला कुलूप लागणारा) कॅराबिनर वेगळाच ठेवा.

हार्डवेअरच्या दुकानातले हुक, चावीच्या साखळीचे कॅराबिनर आणि कण्यावर आकडे नसलेलं काहीही चढाईसाठी नाही. आपल्या शहरांत चढाईचं दुकान सहजी सापडत नाही, सामान ऑनलाइन किंवा पुण्या-मुंबईहून मागवावं लागतं. तेव्हा आलेल्या वस्तूवर सीई (युरोपीय मानक) किंवा यूआयएएची (आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघटनेची) खूण, उत्पादन वर्ष आणि तिन्ही आकडे पाहूनच ती ठेवून घ्या, नाहीतर परत पाठवा.

अँकरचा कोन

दोन तुकड्यांना एका स्लिंगने जोडताना स्लिंगच्या दोन बाजूंमधला कोन ६० अंशांच्या आत ठेवा. तेव्हा प्रत्येकावर भाराचा ५८ टक्के वाटा येतो. ९० ला ७१ टक्के. १२० ला प्रत्येक तुकडा पूर्ण भार सोसतो, म्हणजे दोन लावून एकाचाच उपयोग. कोन जास्त होत असेल तर तुकडे नव्हे, स्लिंग बदला: १२० ऐवजी २४० घ्या.

सरावाची जागा निवडताना एक सांगते. देवगिरीचा तासलेला कडा पाहून हात शिवशिवतात, पण तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहे, वेरूळ-अजिंठाही. तिथे एक नटही लावायचा नाही. गौताळ्यात अभयारण्याची परवानगी घ्या, आणि कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर त्या दिवशी दुसरी भिंत.

गेट अडकतंय, स्लिंग ताठ झाली

मुरमाची लाल धूळ गेटच्या बिजागरीत बसते. कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, गेट उघड-मीट करत राहा, सावलीत वाळवा, मग कोरडं वंगण थोडं. तेल नको, त्यावर धूळ दुप्पट चिकटते. एवढं करूनही गेट आपोआप बंद होत नसेल तर तो कॅराबिनर बाद.

स्लिंग उन्हाने मरते. रंग उडाला, हात फिरवल्यावर ताठ लागली, टाक्यांचे धागे फुलले, कुठे चकाकणारा वितळलेला डाग दिसला, तर वापर थांबवा. दिसायला ठीक असली तरी बहुतेक उत्पादक कापडी सामानाला उत्पादनापासून जास्तीत जास्त १० वर्षं देतात. आपल्या मे महिन्यातल्या ४२-४३ अंशांच्या उन्हात जीपच्या मागच्या काचेत ठेवलेल्या सामानाला मी तेवढीही देणार नाही. गावाकडे सामान ठेवायचं तर इन्व्हर्टर-ट्रॅक्टरच्या बॅटरीजवळ नको, फवारणीच्या औषधांच्या खोलीतही नको. बॅटरीच्या ॲसिडने नायलॉन आतून कुजतं आणि वर काही दिसत नाही.

बाद केलेली स्लिंग कात्रीने तीन-चार ठिकाणी कापूनच टाका. अख्खी ठेवली की सहा महिन्यांनी कुणीतरी ती जीपच्या कॅरियरवरून सोडून परत बॅगेत भरतं.