आटवलेल्या साजाची पेटी

आईचा कोल्हापुरी साज, म्हणजे गळ्यातला सोन्याच्या पानांचा दागिना, आटवून नातीच्या लग्नाला पाटल्या करायच्या असं घरात ठरलं, तेव्हा मी काही बोललो नाही. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, न्यायच्या आधी दोन दिवस तो माझ्याकडं राहू दे, एवढंच म्हटलं. सुनेला वाटलं, म्हाताऱ्याला गहिवरून आलंय. तेही होतं, पण मला त्याचे साचे काढायचे होते.

इथल्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, 32 वर्षं मी पॅटर्नमेकर होतो. सागवानाचा पॅटर्न करायचा, त्याच्याभोवती वाळू चोपायची, पॅटर्न अलगद उचलायचा आणि राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. पॉलिमर क्लेचं काम तेच आहे, फक्त चटके बसत नाहीत. जुन्या पॅटर्नच्या उरलेल्या फळ्यांची आठ बाय सहा इंची पेटी मी केली होती, तिच्या झाकणावर साजाची पानं उठवायची असा बेत. तुमच्या घरात साज नसला तर नथ, वाक्या, जुनं बटण, पितळी कडी, काहीही चालतं. रीत एकच.

आधी मातीबद्दल. हिला क्ले म्हणतात, पण ही पीव्हीसीची. मऊ राहावी म्हणून तिच्यात तेलासारखा प्लास्टिसायझर घातलेला असतो. वाऱ्यावर ती वाळत नाही, ओव्हनमध्ये भाजली की कडक होते. दुकानात 'एअर ड्राय' म्हणून दुसरी मिळते, ती हिची बहीणसुद्धा नव्हे. ती वाळताना आकसते आणि तडकते. पॅटर्न करताना आम्ही आकसण्यासाठी शेकडा एक जास्तीचं माप धरायचो; पॉलिमर क्लेचं आकसणं नावापुरतंच. 57 ग्रॅमच्या एका पाकिटात अकरा पानं आणि मधले मणी निघून थोडी उरते. उरलेली झिपच्या पिशवीत ठेवा. कागदात गुंडाळली तर कागद तिचं तेल पितो आणि ती भुसभुशीत होते.

आता साचा. दोन रंगांची सिलिकॉन पुट्टी मिळते. दोन्हींचे सारखे गोळे घेऊन रंगाची एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत मळायचे. हात चालवा, चारपाच मिनिटांत ती घट्ट व्हायला लागते.

साजात पूर्वी 21 पानं असायची. दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, दोन माणिक-पाचूची आणि एक डोरलं, असं आई मोजून दाखवायची. आमच्यातल्या साजात अकराच शिल्लक होती. मासा, कासव, शंख, चंद्र, कमळ, बेलपान, कारलं, भुंगा... ही पानं भरीव नसतात. वर सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख. जोरानं दाबलं तर पत्रा चेपतो. म्हणून पान पुट्टीत खुपसू नका, पुट्टी पानावर आणा. टाइलवर पान उताणं ठेवायचं, मागं चिमूटभर क्लेचा टेकू द्यायचा, म्हणजे दाबताना ते डुगडुगत नाही. वरच्या कडीचं भोकही क्लेनंच बुजवायचं, नाहीतर पुट्टी त्यात शिरून अडकते. मग पुट्टीचा पातळ थर बोटानं नक्षीत चोळायचा आणि त्यावर बाकीची जाड थापायची. फाउंड्रीत पॅटर्नलगत आधी बारीक फेसिंगची वाळू घालतात आणि मागं साधी वाळू भरतात, तसंच हे. एकदम गोळा थापला की नक्षीत हवा कोंडते आणि माशाच्या डोळ्याच्या जागी खड्डा पडतो.

नखानं दाबून बघा. ठसा राहिला नाही तर साचा झाला. मग पुट्टी मागं वाकवायची, पान आपोआप सुटतं. बघून मला हसूच आलं. पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून उभ्या बाजूला उतार द्या, अंडरकट, म्हणजे आत वळणाऱ्या खाचा, टाळा, यातच माझा जन्म गेला, आणि हा रबराचा साचा सगळे अंडरकट गिळून बसतो!

क्ले हातावर पाचदहा मिनिटं मळा. थंडीत ती चिरते, मळली की वळते. मे महिन्यात उलटं, लोण्यासारखी होते. मग थोडा वेळ फ्रीजमध्ये टाका. पांढऱ्या मातीवर हातावरचा कण न् कण दिसतो, म्हणून मी गेरूच्या रंगाची घेतली. साच्यात मऊ ब्रशनं चिमूटभर कॉर्नफ्लॉवर फिरवून जास्तीचं झटकून टाका. पॅटर्न वाळूला चिकटू नये म्हणून मारतात ती आमची पार्टिंग पावडर, ती हीच. गोळीची गुळगुळीत बाजू खाली ठेवून मधून कडेकडं दाबत जा. वर आलेली माती ब्लेड आडवं धरून साच्यालगत कापा. भरलेला साचा दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून मग वाकवा, नाहीतर माशाची शेपूट साच्यातच राहते. पानांच्या मधले जवमणी हातानंच वळले. जवाच्या दाण्याएवढे, दोन्ही टोकांना निमुळते.

सोनेरी झळाळीसाठी भाजायच्या आधी अभ्रकाची सोनेरी पावडर कोरड्या ब्रशनं उंचवट्यांवरच फिरवायची. पंखा बंद ठेवा. मी ठेवला नव्हता, दोन दिवस भुवया सोनेरी होत्या.

भाजणं हा सगळ्यात नाजूक भाग. माझ्या पाकिटावर 130 अंश आणि 6 मिलिमीटर जाडीला 30 मिनिटं असं होतं. तुमच्या पाकिटावर असेल ते पाळा. पण ओव्हनच्या बटणावर विश्वास ठेवू नका. पहिल्या खेपेला मी बटण 130 वर लावून गॅलरीत पेपर वाचत बसलो. आतून आवाज आला, "अहो, काय जाळालायसा?" पानं चॉकलेटी झालेली, आणि वास असा की डोळे चुरचुरले. पीव्हीसी करपलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो. ओव्हन बंद करा, खिडक्या उघडा आणि बाहेर जा. दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणला. बटणावर 130 आणि आत 165! तेव्हापासून आधी ओव्हन तापवतो, थर्मामीटर स्थिर झाला की सिरॅमिक टाइलवर पानं ठेवतो आणि वर फॉइल झाकतो. मायक्रोवेव्हचं तर नावच काढू नका. शक्य असेल तर या कामाचा ओव्हन जेवणाच्या ओव्हनपेक्षा वेगळाच ठेवा. आमच्यात तो आता माझ्या खोलीत आलाय, आणि त्यावर चर्चा होत नाही.

प्रत्येक घाणीबरोबर त्याच मातीची एक पातळ पट्टी भाजायची. गार झाल्यावर वाकवून बघा. वाकली तर भाजलंय, कट्कन मोडली तर कच्चं आहे, पुन्हा ओव्हनमध्ये. फाउंड्रीत प्रत्येक हीटबरोबर, म्हणजे रसाच्या प्रत्येक खेपेबरोबर, तपासायला एक टेस्ट बार ओततात, ती सवय जात नाही.

पेटी ओव्हनमध्ये घालायची नाही. तापल्यावर सांध्यातलं फेव्हिकॉल ढिलं पडतं. पानं वेगळी भाजून मग चिकटवायची. त्याआधी काळपट छटा द्या. गडद तपकिरी ॲक्रिलिक रंग पानांवर फासून लगेच ओल्या फडक्यानं पुसला की तो खाचांतच राहतो, आणि पान पन्नास वर्षं गळ्यात घातल्यासारखं दिसतं. वरून पाण्यावर चालणारं व्हार्निश लावा. डब्यातला स्प्रे मारू नका. मी मारला होता, भुंगा महिनाभर बोटाला चिकटत होता.

सागवान तेलकट. चिकटवायची जागा पॉलिशपेपरनं खरवडून थिनरनं पुसा, पानांची पाठही घासा, आणि अराल्डाइटच्या दोन्ही ट्यूब सारख्या मिसळून लावा. एक दिवस हात लावू नका. मांडणी आधी पेन्सिलीनं आखा: गळ्यात असते तशी कमान, मधोमध डोरलं. बिजागरीच्या बाजूला पाव इंच मोकळं सोडा. मी सोडलं नाही, त्यामुळं झाकण उघडलं की शंख पाठीमागच्या भिंतीला टेकतो.

पाटल्या झाल्या. आटवताना सराफाला खरं डोरलं तेवढं काढून ठेवायला सांगितलं होतं. ते पेटीत आहे, लाल मखमलीवर. शेजारी गुजरीतली वजनाची चिठ्ठी. साचे मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेत. परवा कागलहून बहिणीचा फोन आला, तिला मासा पाहिजे. दोन काढले, दोन्हींच्या शेपट्या गेल्या. तिसरा आत्ता फ्रीजमध्ये आहे.