गलिव्हर अख्खा वाचायचाय? मग टेप घेऊन बसा

पहिलं काम, घरात ते रंगीत चित्रांचं पातळ गलिव्हर असेल ना, ते भाच्याला देऊन टाका. त्यात बुटक्यांचा देश असतो, फारतर राक्षसांचा, आणि जोनाथन स्विफ्टच्या मूळ 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये सफरी आहेत चार. मीपण तेवढं पातळवालं वाचून गलिव्हर माहितीय म्हणत वीसेक वर्षं फिरलो. अख्खं इंग्रजी पुस्तक प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवर फुकट आहे. भाषा १७२६ ची, वाक्यं लांबच्या लांब, पण जमतंय. दुसऱ्या सफरीच्या सुरुवातीला वादळात शिडं-दोरखंडांचा खलाशी पाढा सुरू झाला की बिनधास्त पुढं सरका, ती टिंगलच आहे.

आता टेप. लिलिपुटची, म्हणजे बुटक्यांच्या देशातली माणसं सहा इंचाच्या आतली, सगळा हिशोब बाराव्या हिश्शाचा. गलिव्हरला झोपायला ६०० गाद्या आणतात, १५० जोडून एक थर, असे चार थर, तरी खालची फरशी लागतेच. आमच्या सोलापुरात, चादरीच्या गावात हे समजवायला नको, लांबी बारापट आणि रुंदी बारापट म्हणजे १४४, वर थोडं शिवणीत गेलं म्हणू. पण रोजचं जेवण १७२८ जणांचं! का, तर पोटाला जाडीपण धरावी लागते.

शर्ट शिवायला मात्र तिथल्या शिवणाऱ्या बायका दोरीनं लांबी मोजली की पुढं फक्त अंगठ्याचं माप घेतात, अंगठ्याचे दोन वेढे म्हणजे मनगटाचा एक, तसंच पुढं गळा आणि कंबर. हे मी आमच्या गल्लीतल्या टेलरकाकांना वाचून दाखवलं, मे महिना, शाळेच्या युनिफॉर्मचे गठ्ठे छताला लागलेले, काका काही बोलले नाहीत, दोरा घेतला, माझ्या अंगठ्याला दोन वेढे, तोच दोरा मनगटाला. "थोडं कमी पडतंय बघ, पण सदऱ्याला चालतंय की."

इतकी मापं कशाला? मापं बरोबर निघाली की माणूस सगळंच खरं धरायला लागतो, आणि मग त्याच सरळ तोंडानं गलिव्हर सांगतो की अंडं कुठल्या टोकानं फोडायचं यावरनं ११,००० लोक मेले. टाचेच्या उंचीवरनं दोन पक्ष, दोरीवर उड्या मारून मिळणारी मंत्रीपदं, हेपण तिथलंच. कुठला मंत्री म्हणजे तेव्हाचा कोण हे टिपांमध्ये शोधत बसू नका, पहिल्या वाचनात आपल्या वॉर्डातली नावं घाला, मस्त बसतात.

एक चूक सगळे करतात, गलिव्हर म्हणजेच लेखक असं धरतात. जोनाथन स्विफ्ट डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलचा डीन, म्हणजे तिथला मुख्य धर्मगुरू होता आणि पुस्तक काढताना स्वतःचं नाव लपवून गलिव्हरलाच लेखक केलं. राक्षसांच्या राजाला गलिव्हर ऐटीत बंदुकीच्या दारूची कृती देऊ करतो, राजा हादरतो, आणि गलिव्हर मनात म्हणतो काय कोत्या बुद्धीचा राजा! तिथं स्विफ्ट कुणाला हसतोय ते बघा.

तिसरी सफर विस्कळीत आहे, माझ्या मते निम्मी चाळली तरी चालेल. पण त्यातल्या लगाडो शहरातली संशोधकांची अकॅडमी सोडू नका, एकजण आठ वर्षं काकडीतनं ऊन काढायचा प्रयोग करतोय आणि यंदा काकडी महाग म्हणून गलिव्हरकडं पैसे मागतो (आमच्या सोलापुरात एप्रिलमध्ये उलटा प्रयोग काढा म्हणावं). न मरणाऱ्या म्हाताऱ्यांचं प्रकरणही वाचा, पण निवांत वेळी.

चौथी एका बैठकीत संपवा. घोडे शहाणे, माणसासारखे दिसणारे याहू घाणेरडे, आणि घरी आलेला गलिव्हर बायकोचा वास सहन होईना म्हणून रोज चार तास तबेल्यात घोड्यांशी बोलत बसतो.

आणि सुरुवातीला गलिव्हरचं नातेवाईकाला लिहिलेलं पत्र असतं, १७३५ च्या आवृत्तीत घातलेलं, ते सगळ्यात शेवटी वाचा. पुस्तक येऊन सहा महिने झाले तरी लोक अजून सुधारले कसे नाहीत, म्हणून तो त्यात चिडलाय.