ग्रँड फ्लोरिडियनला राहायचं तर खोली कशी घ्यावी

फ्लोरिडात ऑरलँडोजवळच्या डिस्ने वर्ल्डला जायचं आणि मुक्काम ग्रँड फ्लोरिडियन या डिस्नेच्याच महागड्या हॉटेलात करायचा, हे घरात ठरलं असेल तर पुढे वाचा. ‘झोपायलाच तर जायचंय, हॉटेलवर एवढा खर्च कशाला?’ असं कोणी म्हणत असेल, तर आधी तो वाद मिटवा. नुसतं झोपायलाच जाणार असाल तर ते माणूस बरोबर बोलतंय. ऑरलँडोत याच्या पाव किमतीत चांगल्या खोल्या मिळतात.

हॉटेल २८ जून १९८८ ला सुरू झालं. पांढऱ्या भिंती, लाल उतरतं छप्पर, लांबलचक व्हरांडे. हा थाट घेतला आहे कॅलिफोर्नियातल्या होटेल डेल कोरोनाडोवरून (ते १८८८ चं, म्हणजे अस्सल व्हिक्टोरियन काळातलं) आणि रेल्वे आल्यावर फ्लोरिडात श्रीमंतांसाठी उभ्या राहिलेल्या हिवाळी हॉटेलांवरून. गंमत म्हणजे या जागेवर मुळात आशियाई धाटणीचं हॉटेल बांधायचा बेत होता, तो बारगळला. पण पैसे मोजायचे ते या थाटाचे नव्हेत. हॉटेल सेव्हन सीज लगून या तळ्याच्या काठावर, मॅजिक किंगडमला (डिस्ने वर्ल्डच्या चार पार्कांपैकी किल्ला असलेलं) लागून आहे. दुपारी ऊन चढलं की उठून खोलीवर यायचं, तासभर आडवं व्हायचं आणि संध्याकाळी ताज्या पायांनी परत पार्कात जायचं, यासाठी ते पैसे असतात. बरोबर सत्तरीचे आईबाबा आणि चार वर्षांचं पोर असेल तर याची किंमत जास्त समजते.

तारखा

ख्रिसमसचा आठवडा आणि मार्च-एप्रिलमधल्या शाळांच्या सुट्ट्या टाळा. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरमध्ये भाव उतरतात, पण उकाडा असतो आणि वादळांचा हंगाम (जून ते नोव्हेंबर) ऐन भरात असतो. जानेवारीचा उत्तरार्ध उत्तम.

खोली

सगळी मेख इथे आहे. मलाही हे उमगायला वेळ लागला, कारण जो तो आपलं घोडं पुढे दामटतो आणि कोणीच पूर्ण सांगत नाही.

खोली दोन वाटांनी मिळते. पहिली सरळ वाट म्हणजे डिस्नेकडून रोख भावाने. साधी बागेकडची खोलीसुद्धा रात्रीला सातशे-आठशे डॉलरच्या खाली क्वचितच येते आणि वर साडेबारा टक्के कर. (अमेरिकेतली बरीच हॉटेलं ‘रिसॉर्ट फी’ नावाचा वेगळा भुर्दंड लावतात. डिस्ने इथे तो लावत नाही.) या वाटेचा मोठा फायदा असा, की नुसती खोली घेतली असेल तर आत्ता एका रात्रीचेच पैसे भरावे लागतात आणि येण्याच्या पाच दिवस आधीपर्यंत बेत रद्द केला तर ते परत मिळतात. ऑनलाइन रद्द करायचं असेल तर सहा दिवस धरा. तिकिटांसकट पॅकेज घेतलंत तर ही सवलत खूप आखडते, म्हणून मी खोली आणि तिकिटं नेहमी वेगळी घेते. नंतर एखादी सूट जाहीर झाली आणि जागा शिल्लक असेल, तर तेच बुकिंग नव्या भावाला बदलून घेता येतं. फोन करायला लाजू नका.

दुसरी वाट म्हणजे भाड्याने पॉइंट. डिस्ने व्हेकेशन क्लब हा आपल्याकडच्या क्लब महिंद्रासारखा प्रकार आहे: सभासदाने एकदा मोठी रक्कम भरलेली असते आणि दरवर्षी त्याच्या खात्यात ठरावीक पॉइंट पडतात. ग्रँड फ्लोरिडियनच्या आवारात या क्लबची स्वतंत्र इमारत २०१३ पासून आहे. शिवाय २०२२ मध्ये बिग पाइन की नावाची जुनी हॉटेल इमारतही स्टुडिओ खोल्या करून क्लबकडे दिली. ज्या सभासदाला या वर्षी यायला जमत नाही, तो आपले पॉइंट भाड्याने देतो. पॉइंटचा भाव साधारण वीस डॉलरच्या आगेमागे असतो. कुठल्या तारखेला कुठल्या खोलीला किती पॉइंट लागतात याचा तक्ता डिस्नेच छापतं. तुमच्या सगळ्या रात्रींच्या पॉइंटची बेरीज करा, भावाने गुणा. दुसऱ्या बाजूला डिस्नेचा रोख भाव अधिक साडेबारा टक्के मांडा. पॉइंटच्या मुक्कामावर हा कर नाही. बहुतेक वेळा तफावत एवढी दिसते की माणूस दोनदा आकडे तपासतो. पार्कात अर्धा तास लवकर प्रवेश, ठरावीक रात्री मिळणारे जादा तास, फुकट पार्किंग या सवलती पॉइंटने आलेल्या पाहुण्यालाही तशाच मिळतात.

आता इशारे. हे कंटाळा न करता वाचा.

भाड्याचे पॉइंट म्हणजे गेलेले पैसे. रद्द केलं तर परत मिळत नाहीत. त्यामुळे आईबाबांचा व्हिसा पासपोर्टवर उमटलेला नसताना ही वाट धरू नका. ‘होईल हो व्हिसा, मागच्या वेळी झाला होता’ हा आधार पुरेसा नाही. पुण्याहून नातेवाईक यायचे असतील आणि कोणाचं काही नक्की नसेल, तर आधी डिस्नेकडे रद्द करता येणारी खोली धरून ठेवा. व्हिसा हातात आल्यावर पॉइंटचा शोध घ्या आणि ते पक्कं झाल्यावर पहिली सोडा.

बुकिंग सभासदाच्या खात्यातून होतं आणि शेवटपर्यंत त्याच्याच ताब्यात राहतं. तारीख सरकवायची, नाव वाढवायचं, काहीही असो, तुम्ही डिस्नेला फोन करून उपयोग नाही. त्यामुळे व्यवहार अशा मध्यस्थामार्फत करा जो सभासदाला द्यायचे पैसे रोखून धरतो, किंवा निदान लेखी करार करा. कन्फर्मेशन नंबर मिळाला की तो डिस्नेच्या अ‍ॅपमध्ये टाका. तुमचं नाव, तारखा, खोलीचा प्रकार तिथे स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय उरलेले पैसे सोडू नका. फेसबुकवरच्या गटात कोणी ‘आज Zelle ने (बँकेतून थेट पैसे पाठवायची अमेरिकी सोय) पूर्ण पैसे पाठवा, उद्या खोली बुक करतो’ म्हणाला, तर तो मराठी असो की आणखी कोणी, नमस्कार करून बाहेर पडा.

मग वेळ. ज्याची मालकी ग्रँड फ्लोरिडियनचीच आहे तो सभासद अकरा महिने आधी बुक करू शकतो. इतर डिस्ने रिसॉर्टच्या मालकांना सात महिने आधी दार उघडतं, आणि तोवर चांगल्या तारखांना उरलेल्यात निवड करावी लागते. म्हणून दहा-अकरा महिने आधी हालचाल करा आणि ‘होम रिसॉर्ट कुठलं?’ हा पहिला प्रश्न विचारा.

खोलीचा प्रकार निवडताना लोक फोटो पाहतात. फोटोतल्या सगळ्याच खोल्या देखण्या आहेत. तुम्ही पाहायचं ते मायक्रोवेव्ह. क्लबच्या इमारतीतल्या डीलक्स स्टुडिओत छोटं किचनेट असतं: मायक्रोवेव्ह, लहान फ्रिज, सिंक. बिग पाइन कीमधल्या रिसॉर्ट स्टुडिओत आणि हॉटेलच्या साध्या खोलीत मायक्रोवेव्ह नसतो. रात्री दहाला दमून आल्यावर ज्यांना दहीभात किंवा गरम खिचडी लागते, त्यांच्यासाठी हा फरक दिव्यांच्या झुंबरांपेक्षा मोठा आहे. आईबाबा बरोबर असतील तर वन-बेडरूमचा भाव जरूर बघा. त्यात पूर्ण स्वयंपाकघर आणि कपडे धुवायचं यंत्र असतं, आणि मधे दार असल्यामुळे बाबांच्या घोरण्याचा प्रश्नही सुटतो. साध्या खोलीत इंडक्शन किंवा कुकर लावायचा विचार मनातही आणू नका. धुराचा अलार्म वाजला की अख्खी इमारत रात्री अंगणात उभी राहते. पॉइंटच्या मुक्कामात रोज साफसफाई होत नाही, तेही लक्षात ठेवा. ज्यांना रोज ताणलेली चादर हवी, त्यांनी रोख वाटेनेच जावं.

राहिला खिडकीतला देखावा. थीम पार्क व्ह्यूसाठी जास्त पैसे देऊ नका. लांबवर किल्ल्याचा शेंडा दिसतो आणि रात्री आतषबाजी दिसते, पण ती आतषबाजी तुम्ही एक दिवस पार्कातून आणि बाकीचे दिवस हॉटेलच्या धक्क्यावरून फुकट बघू शकता. तळ्यावरून जाणारी दिव्यांची मिरवणूक, इलेक्ट्रिकल वॉटर पेजंट, १९७१ पासून चालत आली आहे. तीही काठावरूनच छान दिसते. वाचलेल्या पैशात एक रात्र वाढवा.

जेवण

जेवणाच्या जागा साठ दिवस आधी खुल्या होतात. हॉटेलात राहणाऱ्यांना पोहोचण्याच्या साठ दिवस आधी पुढच्या दहा दिवसांचं सगळं एकदम बुक करता येतं. सकाळी सहाला, फ्लोरिडाच्या वेळेने. भारतातून करत असाल तर उन्हाळ्यात दुपारचे साडेतीन, हिवाळ्यात साडेचार.

इथलं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट्स हे रेस्टॉरंट फार नावाजलेलं आहे, २०२४ मध्ये त्याला मिशलिन तारा (उत्तम रेस्टॉरंटना मिळणारा मान) मिळाला. दहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही आणि एका माणसाच्या ताटात तुमचं आठवड्याचं किराणा सामान जातं. शाकाहारी कुटुंबाने तो हट्ट सोडून एक संध्याकाळ अ‍ॅनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या दुसऱ्या हॉटेलातल्या सना या रेस्टॉरंटला द्यावी. आफ्रिकी-भारतीय वळणाचं जेवण, नाना तऱ्हेच्या रोट्या आणि चटण्या, बाहेर जिराफ चरताना दिसतात. अंडं चालत नसेल तर ‘व्हेजिटेरियन’ एवढं सांगून भागत नाही. अंडं नको हे वेगळं, स्पष्ट, आणि बुकिंग करतानाच लिहा.

लायटनिंग लेन

राइडच्या छोट्या रांगांचे पास, घ्यायचे असतील तर, हॉटेलातले पाहुणे सात दिवस आधी घेऊ शकतात, बाकीचे तीन. सकाळी सात वाजता. उशीर करू नका.

पोहोचणं

विमानतळावरून डिस्नेची फुकट बस मिळते असं अजूनही कोणी सांगत असेल तर ती २०२२ च्या सुरुवातीलाच बंद झाली. टॅक्सी किंवा उबर करा. चेक-इन अ‍ॅपवर आधीच उरका आणि ज्येष्ठ मंडळी असतील तर ‘मुख्य इमारतीजवळची खोली’ अशी विनंती तिथे नोंदवा, कारण बाकीच्या इमारती बागेत पसरलेल्या आहेत आणि मोनोरेलचं स्टेशन मुख्य इमारतीत आहे. खोली दुपारी तीन-चारपर्यंत मिळत नाही. बॅगा बेल सर्व्हिसकडे (हॉटेलात सामान सांभाळणारे) टाका आणि निघा.

जाणं-येणं

मोनोरेल एकाच दिशेने फिरते, आणि हे कोणी सांगत नाही. हॉटेलातून निघालात की पुढचंच स्टेशन मॅजिक किंगडम. झकास. पण तिथून परत येताना गाडी कंटेम्पररी हॉटेल, मग तिकीट सेंटर (जिथे मोनोरेल बदलते), मग शेजारचं पॉलिनेशियन हॉटेल अशी तीन स्टेशनं घेऊन तुमच्याकडे येते. आतषबाजी संपल्यावर त्या रांगेत पेंगुळलेलं पोर कडेवर घेऊन उभं राहायचं नसेल तर होडीने या, किंवा सरळ चालत. २०२० पासून हॉटेल ते पार्क अशी पायवाट आहे. रमतगमत पंधरा-वीस मिनिटं, स्ट्रोलर आणि व्हीलचेअर दोन्ही सहज जातात. सकाळी मोनोरेल, दुपारी होडी, रात्री पायवाट, हे माझं ठरलेलं. एपकॉट या दुसऱ्या पार्कला जाताना उलट करा: पॉलिनेशियनवरून तिकीट सेंटरपर्यंत चालत जा आणि तिथून एपकॉटची मोनोरेल पकडा. उरलेल्या दोन पार्कांना बस.

दुपारी परत यायचंच. पहिल्या दिवशी मुलं कुरकुरतात, नवरेही कुरकुरतात, ‘एवढं तिकीट काढलंय’ वगैरे. ऐकू नका. अकराला निघा, जेवा, झोपा, पोहा (हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात सुती कपडे चालत नाहीत, पोहण्याचेच हवेत), पाचला परत जा. हे करणार नसाल तर पहिल्या परिच्छेदातला तो वाद तुम्ही उगाच जिंकलात.

काठावरची वाळू बघून मुलं पाण्याकडे धावतात. सेव्हन सीज लगूनच्या पाण्यात पाय घालायचा नाही, घोट्यापर्यंतही नाही. फ्लोरिडातल्या गोड्या पाण्यात मगरीच्या जातीचे अ‍ॅलिगेटर असतात आणि जून २०१६ मध्ये याच हॉटेलच्या किनाऱ्यावर एका दोन वर्षांच्या मुलाचा जीव गेला. त्यानंतर कुंपण आणि पाट्या लागल्या. आजीआजोबांनाही हे नीट समजावून सांगा, कारण दुपारी नातवंडं बहुधा त्यांच्याच ताब्यात असतात.

लॉबीत एक संध्याकाळ नुसतं बसा. पाच मजले उंच छत, पिंजऱ्यासारखी लिफ्ट, पियानो. नाताळच्या दिवसांत बहुतेक वर्षी तिथे माणसाला आत उभं राहता येईल एवढं जिंजरब्रेडचं घर उभारतात आणि त्याच्या खिडकीतून खाऊ विकतात. रांग सकाळी छोटी असते.

निघताना

अकराला खोली सोडायची. बिल अ‍ॅपवर आदल्या रात्रीच तपासा. हातातल्या डिस्नेच्या बँडने (ज्याने खरेदी थेट खोलीच्या बिलावर पडते) पोरांनी परस्पर काय काय घेतलं ते तिथे कळतं, आणि चूक असेल तर निघण्याआधी काउंटरवर मिटते. बॅगा पुन्हा बेल सर्व्हिसकडे. विमान रात्रीचं असेल तर त्या दिवशी पोहायचा तलावही वापरता येतो, फक्त कोरडे कपडे वरच्या बॅगेत ठेवा.